सुरतेचे मत्स्यालय आणि पांझरेचे मासे

पिंपळनेर, दहिवेल, साक्री या पट्ट्यात लग्न ठरले की बस्ता बांधायला सुरत गाठायची, हा जुना रिवाज आहे. चरणमाळचा घाट उतरला की नवापूर, पुढे सोनगड, व्यारा, बारडोली आणि मग रिंगरोडवरचे कापडबाजार. दिवसभर साड्यांचे गठ्ठे उलगडायचे, रात्री उधन्याच्या किंवा लिंबायतच्या नातेवाइकाकडे मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परतीची गाडी धरायची. मोठ्यांची कामे उरकत, पण बरोबर आलेल्या पोरांचे काय? फार तर डुमसचा समुद्रकिनारा किंवा सरथाण्याचे प्राणिसंग्रहालय. २०१४ पासून या यादीत आणखी एक नाव आले आणि पोरांच्या तोंडी ते सगळ्यांत आधी येऊ लागले. ते म्हणजे पाल भागातले मत्स्यालय.

सुरत महानगरपालिकेने उभारलेल्या या मत्स्यालयाला शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांचे नाव दिले आहे. ५० हून अधिक टाक्या, १०० हून अधिक जातींचे मासे, आणि गोड्या, मचूळ व खाऱ्या पाण्याचे वेगवेगळे विभाग असा त्याचा पसारा आहे. शार्कची मोठी टाकी पाहायला गर्दी उसळते. ज्या मुलांनी मासा म्हणजे धरणातला कटला किंवा बाजारातल्या टोपलीतला बोंबील एवढाच पाहिला आहे, त्यांना काचेपलीकडून डोक्यावरून सरकत जाणारा शार्क दिसतो, तेव्हा त्या मुलांना हलवणे कठीण होते. बाहेर उभे राहून कान दिला तर गुजरातीबरोबर मराठी आणि मराठीबरोबर अहिराणी ऐकू येते. यात नवल नाही. यंत्रमाग, रंगाई-छपाई आणि कापडबाजार यांच्या आधाराने खान्देशातली हजारो कुटुंबे उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा या भागांत स्थिरावली आहेत. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. खान्देशातल्या माणसाला सुरत परकी वाटत नाही. मुंबईपेक्षा ती जवळची आहे, अंतराने आणि मनानेही.

शहरातले मत्स्यालय पर्यटनाला नेमके काय देते, हे समजून घ्यायला सुरत चांगले उदाहरण आहे. सुरत हे मुळात व्यापाऱ्यांचे शहर. हिरे आणि कापड यांच्यासाठी लोक येतात, सौदा करतात, निघून जातात. कुटुंबासह यावे, दिवस काढावा असे शहरात थोडे होते. मत्स्यालयाने आणि त्याच्या आगेमागे उभ्या राहिलेल्या विज्ञान केंद्रासारख्या, नव्याने सजवलेल्या गोपी तलावासारख्या ठिकाणांनी हा दिवस भरून काढला. रिक्षावाल्याला एक भाडे जास्त मिळते. लोचो-खमणच्या दुकानात चार पाहुणे जास्त बसतात. सुटीत मामाकडे आलेल्या भाच्याला दाखवायला मामाकडे काहीतरी असते.

पण एक गोष्ट मोजताना नजरेआड होते. नातेवाइकांकडे उतरणारा पाहुणा हॉटेलची खोली घेत नाही. एका दिवसात पाहून होणारे ठिकाण गर्दी आणते, मुक्काम आणत नाही, आणि पर्यटनातला खरा पैसा मुक्कामात असतो. म्हणून कोणत्याही शहराने मत्स्यालय बांधायला काढले, की तिकीटविक्रीचे आकडे पाहण्याआधी विचारायचा प्रश्न असा: हे पाहायला आलेला माणूस रात्री या गावात थांबेल का, आणि थांबायला त्याला दुसरे कारण आहे का?

या प्रश्नाचे सगळ्यांत ठोस उत्तर अमेरिकेतल्या चॅटानूगा नावाच्या शहराने दिले. टेनेसी नदीकाठचे हे कारखान्यांचे शहर. १९६९ मध्ये तिथली हवा देशात सर्वांत घाण असल्याचे राष्ट्रीय दूरचित्रवाणीच्या बातम्यांत सांगितले गेले आणि शहराची मान खाली गेली. पुढे कारखाने बंद पडत गेले, मध्यवस्ती ओस पडली. गावकऱ्यांनी, उद्योजकांनी आणि पालिकेने वर्षानुवर्षे बैठका घेऊन नदीकाठ पुन्हा वापरात आणायचे ठरवले आणि १ मे १९९२ रोजी तिथे मत्स्यालय सुरू झाले. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, म्हणून त्यांनी समुद्राची नक्कल केली नाही. डोंगरात पडलेला पावसाचा थेंब ओढ्यातून नदीत, नदीतून समुद्राकडे कसा जातो आणि वाटेत त्याला कोणकोणते मासे, कासवे, पाणमांजरे भेटतात, हे त्यांनी मजल्यामजल्यांवर मांडले. गोड्या पाण्याचे ते त्या काळचे जगातले सर्वांत मोठे मत्स्यालय होते. पहिल्याच वर्षात दहा लाखांहून अधिक माणसे आली. पुढच्याच वर्षी शेजारचा जुना लोखंडी पूल पादचाऱ्यांसाठी खुला झाला. नदीकाठी चालायला वाटा झाल्या, हॉटेले आली, ओस पडलेली मध्यवस्ती गजबजली. मत्स्यालयाने स्वतःची संशोधन संस्थाही उभी केली. नदीतून नाहीसा झालेला स्टर्जन हा मासा पुन्हा नदीत सोडण्याच्या कामात ती आजही आहे.

सुरतेचा इतिहासही अशाच नामुष्कीतून वर आलेला आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो माणसे शहर सोडून पळाली. त्यांतली कितीतरी खान्देशातल्या आपापल्या गावी परतली. पुढच्या वर्षी आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी सफाईची घडी बसवली आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या बरोबरीने देशात पहिली आली. ज्या शहराच्या रस्त्यावर चालताना नाकाला रुमाल लावावा लागे, तिथे आज लोक लेकराबाळांना घेऊन सहलीला जातात. मत्स्यालयाच्या यशात या सफाईचा वाटा मोठा आहे. घाणेरड्या शहरात कितीही सुंदर टाकी बांधली तरी पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही.

शहर स्वच्छ झाले की पाहुणा आत येतो, आणि आत त्याला सर्वाधिक ओढ असते ती मत्स्यालयातल्या बोगद्याची; हे वेड सगळीकडे सारखेच आहे. माणूस कोरडा चालतो आणि दोन्ही बाजूंनी, वरूनही मासे जातात, ही कल्पना लोकप्रिय केली न्यूझीलंडमधल्या केली टार्लटन या पाणबुड्याने. १९८५ मध्ये ऑकलंड शहरातल्या सांडपाण्याच्या बंद पडलेल्या टाक्या त्याने घेतल्या आणि तिथे वक्र अॅक्रिलिकचा बोगदा बसवला. काच इतक्या पाण्याचा भार वळणावर पेलत नाही. अॅक्रिलिक पेलते, वाकते आणि जाड असूनही पारदर्शक राहते. या एका पदार्थाने मत्स्यालयांचे रूप पालटले. जपानमध्ये ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयातला अॅक्रिलिकचा पडदा ८.२ मीटर उंच, २२.५ मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर जाडीचा आहे.

मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयानेही हाच मार्ग धरला. मरीन ड्राइव्हवरचे हे मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाले. डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूराने त्यासाठी २ लाख रुपये दिले होते. मुंबईला जाऊन ते न पाहता परतणारी शाळेची सहल विरळाच. काळाबरोबर ते जुनाट झाले, टाक्या कळकट दिसू लागल्या. मग नूतनीकरण झाले आणि मार्च २०१५ मध्ये १२ फुटी अॅक्रिलिक बोगद्यासह ते पुन्हा उघडले. त्या वेळी मत्स्यव्यवसाय खाते आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या एकनाथ खडसे यांच्याकडे होते. बाहेर पुन्हा रांगा लागल्या. पण २०२० च्या टाळेबंदीत दारे बंद झाली, पुढे इमारतच धोकादायक ठरली आणि नव्या मत्स्यालयाच्या योजनांची चर्चा सुरू झाली. ज्या मत्स्यालयाने महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांना समुद्र दाखवला, त्याची ही अवस्था व्हायला नको होती. उद्घाटनाला पैसा मिळतो, पण देखभालीला मिळत नाही, हे आपल्या सार्वजनिक कामांचे दुखणे आहे, आणि मत्स्यालयात ते सगळ्यांत लवकर उघडे पडते.

लवकर का? कारण टाकीतला मासा स्वतःच्याच विष्ठेत राहत असतो. विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो आणि तो थोडा वाढला तरी मासे तडफडू लागतात. गाळणीतल्या वाळूवर, खडीवर वाढणारे जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग त्यापेक्षा कितीतरी निरुपद्रवी नायट्रेट करतात. नवीन टाकीत हे जिवाणू रुजायला काही आठवडे लागतात. उद्घाटनाची तारीख आधी ठरवून घाईने मासे सोडले की पहिल्याच महिन्यात मेलेले मासे उचलायची वेळ येते. शिवाय पाणी सतत फिरते ठेवावे लागते, त्यात हवा सोडावी लागते. वीज गेली आणि जनित्र चालू झाले नाही तर काही तासांत पाण्यातला प्राणवायू संपतो. भारनियमन काय असते हे खान्देशातल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

खाऱ्या पाण्याचा खर्च तर वेगळाच. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. समुद्रापासून लांबच्या गावात १ लाख लिटरची टाकी भरायची तर शुद्ध केलेल्या पाण्यात जवळजवळ साडेतीन टन खास क्षारमिश्रण घालावे लागते, आणि पाणी बदलताना दर वेळी त्यातला काही भाग पुन्हा. वरून उन्हाळ्यात पाणी थंड ठेवायची यंत्रे. धुळ्या-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या आसपास जातो. त्या उन्हात प्रवाळातले मासे जगवायचे म्हणजे विजेच्या बिलाला अंत नाही.

खर्चाचा हिशेब चुकला की काय होते, ते डेन्व्हरला दिसले. अमेरिकेतल्या या शहरात १९९९ मध्ये नऊ कोटी डॉलरांहून अधिक खर्चून मत्स्यालय उघडले. त्यातही नदीचीच गोष्ट होती, पहिल्या वर्षी गर्दीही झाली. नवलाई ओसरली, गर्दी घटली, कर्जाचे हप्ते मात्र घटले नाहीत. २००२ मध्ये संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली आणि पुढच्या वर्षी एका उपाहारगृह कंपनीने ते विकत घेतले. तेव्हा नदीची गोष्ट सांगितली की मत्स्यालय चालतेच, असे मानायचे कारण नाही. चॅटानूगाचे मत्स्यालय देणग्यांच्या पैशांवर उभे होते, डोक्यावर मोठे कर्ज नव्हते आणि शहरही त्याच्या भोवती बदलत होते. डेन्व्हरला हा आधार मिळाला नाही.

गुजरातने मोठ्या भांडवलाची वाट निवडली आहे. अहमदाबादच्या सायन्स सिटीत १६ जुलै २०२१ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जे जलचर दालन खुले केले, त्यावर सुमारे २६० कोटी रुपये खर्च झाले. २८ मीटरचा बोगदा, जगाच्या वेगवेगळ्या भागांतले जलचर आणि शेजारी रोबोंचे दालन. तिथली गर्दी एका मत्स्यालयाची नाही, सबंध विज्ञाननगरीची आहे, आणि म्हणूनच ती टिकायची शक्यता जास्त. खान्देशातल्या कुठल्याही नगरपालिकेने या वाटेने जाऊ नये. तो पैसा आपल्याकडे नाही आणि त्याची गरजही नाही.

आपल्याला जवळची उदाहरणे कोकणात आणि घाटाखाली आहेत. रत्नागिरीत झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. तिथल्या मत्स्यालयात झगमगाट नाही. तिथल्याच किनाऱ्याचे मासे, कासवे, शंख-शिंपले, देवमाशाचा भलामोठा सांगाडा आणि माशांवर रोज काम करणारे शास्त्रज्ञ. रत्नागिरीला आलेले पर्यटक गणपतीपुळे आणि थिबा राजवाडा यांच्याबरोबर हेही पाहून जातात. मासे सांभाळणारी माणसे तिथे संशोधनासाठी आहेतच, त्यामुळे मत्स्यालय केवळ तिकिटांवर अवलंबून नाही.

याहून जुने उदाहरण काचेविना आहे. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ तिळसे गावी वैतरणा नदीच्या डोहात महादेवाच्या देवळापाशी मोठमोठे मासे निर्भयपणे फिरतात. महाडजवळच्या वाळण कोंडीत काळ नदीच्या डोहातल्या माशांना भाविक चुरमुरे घालतात आणि मासे थेट काठाशी येतात. देवाचे म्हणून कोणी त्यांना पकडत नाही. यांतले बरेच मासे महसीर कुळातले, इतर ठिकाणी झपाट्याने घटलेले. या डोहांना वीज लागत नाही, क्षारमिश्रण लागत नाही. लोकांनी पाळलेला नेम हीच त्यांची देखभाल, आणि हे पाहायला दूरदूरची माणसे येतात.

आता पुन्हा पिंपळनेरला येऊ. पश्चिमेच्या डोंगरांतून येणारी पांझरा गावाजवळ लाटीपाडा धरणात थांबते, साक्रीला कान नदीला भेटते, पुढे अक्कलपाडा ओलांडून धुळ्यातून जाते आणि मुडावदजवळ तापीला मिळते. तापी उकाईच्या धरणातून सुरतेला पोचते आणि सुरतेची तहान भागवते. म्हणजे ज्या शहरात खान्देशातली मुले मासे पाहायला जातात, त्या शहराच्या नळाला त्यांच्याच डोंगरात पडलेल्या पावसाचा वाटा आहे. चॅटानूगाने जी गोष्ट मजल्यामजल्यांवर मांडली, ती इथे नकाशावर तयार आहे.

शिवाय या गोष्टीत असे काही आहे जे टेनेसीत नाही. पांझरा, कान, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षे चालत आलेली फड पद्धत. छोट्या दगडी बंधाऱ्याने पाणी अडवायचे, पाटाने शेतांच्या फडांत न्यायचे, कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे ते सगळ्यांनी मिळून ठरवायचे आणि पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. पाणी वाटून घेण्याची ही रीत अभ्यासायला देशोदेशीचे संशोधक येऊन गेले आहेत, पण सुटीत आलेल्या पाहुण्याला ती दाखवायची सोय नाही. या बंधाऱ्यांच्या डोहांतच मरळ, वाम, शिंगाळा, कटला, रोहू राहतात. मरळ तर पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेतो; पाणी आटले तरी तग धरतो. एका साध्या, नीट उजेड असलेल्या टाकीत तो श्वास घेताना दाखवला तर पोरे शार्कइतकीच रमतील. नद्यांतला महसीर दाखवायचा तर लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवरचे महसीर-पैदास केंद्र अनेक दशके काम करते आहे. तिथले अनुभवी लोक मार्गदर्शन करू शकतात.

पाहुणा रात्री थांबेल का, या प्रश्नालाही इथे उत्तर आहे. मांगीतुंगीला २०१६ मध्ये भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती उभी राहिल्यापासून देशभरातले जैन भाविक ताहाराबादच्या रस्त्याने येतात. आमळीला कन्हैयालाल महाराजांचे देऊळ आणि पावसाळ्यात कोसळणारा अलालदरीचा धबधबा आहे. बळसाण्याचे जैन तीर्थ साक्री तालुक्यातच आहे. या प्रत्येक ठिकाणी माणसे येतात, दर्शन घेतात आणि संध्याकाळच्या आत निघून जातात. लाटीपाड्याच्या काठी नदीच्या माशांचे छोटे मत्स्यालय आणि चालून पाहता येईल असा एखादा फडाचा बंधारा असेल, तर याच वाटेवरचा पाहुणा पिंपळनेरला रात्रभर थांबेल. धरणात मासेमारी करणाऱ्या भोई आणि आदिवासी सहकारी संस्थांना त्यात काम मिळेल. कोणता मासा कोणत्या पाण्यात कसा जगतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? रात्री पाहुण्याला मरळीचे कालवण आणि नागलीची भाकरी मिळाली, तर त्याची चव तो घरी जाऊन सांगेल.

मत्स्यालये लोकप्रिय झाली की घरोघरी काचेच्या टाक्या येतात. तिथे एक धोका आहे आणि तो प्रत्येक मत्स्यालयाच्या दारात मोठ्या अक्षरांत लिहिला पाहिजे. टाकी साफ ठेवतो म्हणून दुकानातून आणलेला सकर मासा फुटाफुटाने वाढतो, मग लोक तो जवळच्या नदीत सोडून देतात. दक्षिण अमेरिकेतला हा मासा उजनी धरणात मासेमारांच्या जाळ्यांत सापडू लागला आहे. त्याच्या टणक, काटेरी खवल्यांनी जाळी फाटतात, त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही आणि स्थानिक माशांचे अन्न तो खातो. आफ्रिकन मांगूरवर सरकारने बंदी घातली, तरी तो चोरून पाळला जातोच. दया येऊन मासा ‘मुक्त’ करणाऱ्याला वाटते आपण पुण्य केले, नदीचे मात्र त्यात मरण असते.

धुळे जिल्ह्याच्या पर्यटनाचा निधी जेव्हा वाटला जाईल, तेव्हा नियोजन समितीने कमानी आणि कारंज्यांच्या प्रस्तावांशेजारी पांझरेच्या मत्स्यालयाचा प्रस्ताव ठेवावा, आणि इमारतीच्या रकमेबरोबरच पुढच्या दहा वर्षांची वीज, खाद्य आणि जाणकार माणसांचे पगार यांची तरतूदही त्याच कागदावर करावी. ती नसेल तर बांधूच नये. शाळांच्या शिक्षकांना विनंती अशी की सुरतेची सहल जरूर काढा, पण त्याआधी एक दिवस मुलांना लाटीपाड्यावर न्या, मासेमारांशी बोलू द्या, जाळ्यात आलेला मासा हातात घेऊन ओळखू द्या. आणि ज्यांच्या घरी काचेची टाकी आहे त्यांनी तिच्यातला एकही मासा, कितीही दया आली तरी, पांझरेत सोडू नये. नको झाला तर दुकानदाराला परत द्यावा.